जपून ठेवलेलं कार्ड

काचेच्या खोलीत बसलेल्या म्हाताऱ्याच्या कानात ताईने बारीक शिट्टी सोडली आणि नेमका तेव्हाच टेबलावरचा तिचा फोन थरथरला. कामाच्या वेळी ती फोनकडे बघत नसे. ऐकू येण्याच्या तपासणीत बसलेल्याचं सगळं लक्ष कानात असतं आणि तपासणाऱ्याचं त्याच्या अंगठ्यात. आवाज आला की त्याने बटण दाबायचं, ताईने कागदावर खूण करायची, मग आवाज आणखी बारीक करायचा, आणि असं करत करत माणसाला ऐकू येणं जिथे संपतं तिथवर त्याला नेऊन सोडायचं, हा तिचा इतक्या वर्षांचा धंदा. पण त्या दिवशी नजर गेली. बँकेचा मेसेज होता. आपलं क्रेडिट कार्ड बराच काळ वापरात नसल्यामुळे त्याचं लिमिट कमी करण्यात आलं आहे. खाली नवा आकडा होता, जुन्याच्या पाचव्या हिश्शाएवढाही नसलेला. ताईने तो एकदा वाचला, चष्मा सारखा करून पुन्हा वाचला, आणि पुढची शिट्टी सोडायची राहूनच गेली. काचेपलीकडे म्हातारा मान तिरपी करून वाट बघत होता. बराच वेळ काहीच येईना तसा त्याचा चेहरा उतरत गेला. आपण ठार बहिरे झालो अशीच त्याची समजूत झाली असावी. शेवटी त्याने आपलं उगाच बटण दाबलं आणि ताईसमोरचा दिवा लागला. नसलेला आवाज ऐकला म्हणून सांगणारी माणसं तिला नवी नव्हती. काही भिडस्त असतात, काहींना नापास व्हायची भीती असते. एरवी तिने कागदावर तशी नोंद केली असती. त्या दिवशी ती नुसती त्या दिव्याकडे बघत राहिली, आणि मग माइकमध्ये म्हणाली, "आजोबा, माझंच चुकलं. पुन्हा पहिल्यापासून करू या."

कार्ड तिचं होतं, पण तिने ते स्वतःसाठी कधी काढलंच नव्हतं. आई गेली तेव्हा ठकी दुसरीत होती आणि ताई नुकतीच नोकरीला लागली होती. वडील त्याआधीच गेले होते. ठकी हे काही खरं नाव नव्हे. तान्ही असताना जिथे ठेवावी तिथेच चिंध्यांच्या बाहुलीसारखी बसून राहायची म्हणून आईने ठेवलेलं, ते चिकटलं. मग दोघी बहिणींत जवळजवळ एका पिढीचं अंतर असल्यामुळे ताई हीच आई झाली, वडीलही झाली, आणि मध्ये कधीतरी तिचं लग्नाचं राहून गेलं. ते कुणी मुद्दाम केलं नाही. इस्त्रीचे कपडे आणायचे राहतात तसं ते राहिलं, आणि आठवण झाली तोवर दुकान बंद झालं होतं, असं ती स्वतःच हसून सांगायची. ठकीची शाळा, ठकीचे दात, ठकीचं गणित, पुढे ठकीचं कॉलेज. आणि त्यानंतर एके दिवशी ठकीने घरी आणलेला तो पंपवाला. इमारतींना पाण्याचे पंप पुरवणाऱ्या कंपनीत तो होता, ठकीहून बराच मोठा, कपडे अगदी स्वच्छ. तुमच्या घरी कोण कोण असतं, असं ताईने विचारलं तर त्याने हसून छताच्या पंख्याकडे बघितलं आणि पंख्याला किती वर्षं झाली ते विचारलं. बाकी नाव ठेवायला जागा नव्हती. पण ज्याला नीट ऐकू येतं आणि तरी जो उत्तर देत नाही, त्या माणसाविषयी ताईच्या मनात जी अढी बसली ती सुटलीच नाही. तिने ठकीला एकदा सांगून बघितलं. ठकीने ऐकलं नाही. मग ताईने बोलणंच सोडलं.

महिनाभर घरात अबोला होता. भांड्यांचे आवाज होते, दारांचे होते, सकाळी दोघींच्या घड्याळांचे गजर पाठोपाठ वाजत होते. कचेरीत लग्न लागलं तेव्हा साक्षीदार म्हणून सही ताईचीच, पण तीही तिने मुक्यानेच केली. आणि ठकी निघाली त्या दिवशी, गाडी सुटायच्या बेतात असताना, सामान वर चढवलेलं, पंपवाला खिडकीपाशी जागा धरून बसलेला, ठकी दाराच्या पायरीवर, तेव्हा ताईने पाकीट उघडून ते दुसरं कार्ड काढलं. आपल्याच कार्डावर तिने ठकीच्या नावाचं जोडकार्ड करून घेतलं होतं. "अडीअडचणीला असू दे," ती म्हणाली. "मला विचारायचं नाही, सांगायचं नाही. लागेल तेव्हा वापरायचं." महिन्याभरात ठकीशी ते पहिलं बोलणं. ठकीने कार्ड उलटसुलट करून बघितलं, पर्सच्या अगदी आतल्या कप्प्यात सरकवलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि गाडी हलली.

त्यानंतर ताईने आपलं कार्ड घरातल्या कपाटात साड्यांखाली ठेवलं. कपडे धुवायचं मशीन बंद पडलं तेव्हा ती दीड महिना हाताने धूत राहिली आणि पैसे साठले तसं रोखीने नवीन घेतलं. दाताच्या डॉक्टरला हप्त्याहप्त्याने दिले. कार्डाला हात लावायचा नाही, कारण आपण काढू तेवढं ठकीच्या वाटचं कमी होईल. विमानाचं तिकीट, दवाखाना, एखादं भाड्याचं घर, काय वाटेल ते लागलं असतं तरी त्या लिमिटात बसलं असतं. मुदत संपली की ठकीचं नवं जोडकार्ड ती पोस्टाने तिच्याकडे पाठवी. दर महिन्याला बँकेचं कोरं बिल येई. ते बघून तिला बरं वाटे, म्हणजे ठकीचं चांगलं चाललंय. आणि त्याच वेळी आत कुठेतरी टोचे, की इतक्या दिवसांत पोरीला एकदाही आपली गरज पडू नये. फोन होत, नाही असं नाही. बरी आहेस ना. बरी आहे. तू? मी बरी. इकडे ऊन फार आहे. मग दोघी एकमेकींच्या श्वासाचा अंदाज घेत थांबत, आणि कुणीतरी ठेवू का म्हणे. त्या कोऱ्या बिलांत मात्र ताईला ठकीशी एक प्रकारचं संधान वाटे. तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आपण आहोत, ती हात घालील तेव्हा आपण तिथेच असू. आणि आता बँक म्हणत होती, तिथे फारसं काही उरलेलं नाही.

बँकेला फोन करायला तिने तीन-चार दिवस लावले. का लावले हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने तपासणीच्या काचेच्या खोलीतच बसून फोन लावला. बाहेरचं काही आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही. पलीकडे एक बाई होती, सर्दी झालेली, पण अदबशीर.

"मॅडम, कार्ड बरेच दिवस वापरलं नाही की लिमिट कमी होतं. ते आपोआपच ठरतं."

"पण मी एक पैसाही कधी थकवलेला नाही."

"थकवायला आधी वापरावं लागतं ना, मॅडम." ती हे खोचकपणे बोलली नव्हती, नुसतं सांगत होती.

"मी ते जपून ठेवलं होतं."

"हो. पण बँकेला त्यातून एवढंच कळतं की तुम्हाला त्याची गरज नाही. जे कुणी वापरत नाही ते बँक किती दिवस राखून ठेवणार?"

"आणि उद्या गरज लागली तर? दुसरं कार्ड माझ्या बहिणीकडे आहे."

पलीकडे बोटं चालल्याचा आवाज आला. "दोन्ही कार्डांचं लिमिट एकच असतं, मॅडम. आणि त्या कार्डावरसुद्धा कधीच काही घेतलेलं दिसत नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

ताईला हे माहीत होतं. दर महिन्याला ती हेच वाचत आली होती. पण परक्या माणसाच्या तोंडून ते ऐकलं आणि तिला वाटलं, आपल्याविषयी काहीतरी उघडं पडलं. सर्दीवाल्या बाईने मग उपायही सांगितला. थोडंथोडं वापरत जा, बिल आलं की वेळेवर पुरतं भरून टाका, काही महिन्यांनी लिमिट वाढवायचा अर्ज करा. अगदीच पडून राहिलं तर पुढेमागे कार्डच बंद होऊ शकतं. ताईने आभार मानले. बंद होऊ शकतं, हे शब्द त्या काचेच्या खोलीत दुसरं काही ऐकू येत नसल्यामुळे बराच वेळ तसेच राहिले.

वापरायचं म्हणजे काय घ्यायचं, हाही प्रश्नच होता. आयुष्यभर पै-पै धरून चाललेल्या माणसाला एकदम खर्च करायला सांगितलं की त्याचे हात गळतात. ताई दोन संध्याकाळी बाजारात फिरली. चपला बघितल्या, परत ठेवल्या. एका दुकानात इस्त्री हातात घेऊन तिचं वजन करत उभी राहिली, मग लक्षात आलं की घरी इस्त्री आहे. तिसऱ्या संध्याकाळी फर्निचरच्या दुकानाच्या काचेत तिला एक पलंग दिसला, साधाच, हलक्या रंगाच्या लाकडाचा, डोक्याशी पुस्तक ठेवायला फळी. ठकीची जुनी खाट मध्ये खोल गेली होती. गेली कित्येक वर्षं तिच्यावर कोरडे कपडे पडत, आणि ताई त्या खोलीत जाई ती घडी घालायलाच. दुकानातली मुलगी गादी दाबून दाखवत होती. "कुणासाठी बघताय, काकू?" तिने विचारलं, आणि ताईच्या तोंडून सहज निघून गेलं, "बहिणीसाठी. ती येते ना अधूनमधून." मुलगी म्हणाली, मग गादी जरा चांगली घ्या, पाहुण्यांना पाठदुखी नको. ताई हसली. इतकं सहज खोटं आपल्याला येतं याचं तिला नवल वाटलं, आणि त्याहून नवल हे की ते बोलताना ते खरं होतं. पलंग आणि गादी मिळून नव्या लिमिटातलं बहुतेक सगळं गेलं. पण ते काही हरवलं नव्हतं. बिल आलं की भरायचं, की पुन्हा मोकळं. दोन-चार आठवड्यांचा प्रश्न. इतक्या वर्षांत जे लागलं नाही ते दोन-चार आठवड्यांत कशाला लागतंय.

पलंग आला. ताईने जुनी खाट देऊन टाकली, खोली झाडून घेतली, खिडकीचा बरीच वर्षं अडकलेला बोल्ट तेल घालून सैल केला. ती मध्येच जाऊन पलंगाच्या कडेवर बसे. खोलीला नव्या लाकडाचा वास होता, दुकानातलाच, अजून घरचा न झालेला.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. सकाळची वेळ होती. ऐकू यायच्या यंत्रासाठी एका शाळामास्तरीणबाईंच्या कानाचा साचा घ्यायचं काम चाललं होतं. कानात मऊ लगदा भरायचा आणि तो घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, माणसाने आणि ताईनेही. तिचे दोन्ही हात गुंतलेले असताना टेबलावरचा फोन थरथरला. थोड्या वेळाने पुन्हा. पडदा उजळला तेव्हा तिथूनच तिला वाचता आलं. आपल्या जोडकार्डावरचा व्यवहार नाकारण्यात आला आहे. लिमिट अपुरं. एका विमान कंपनीचं नाव होतं. दुसरा मेसेज हुबेहूब तसाच. मास्तरीणबाई म्हणाल्या, "कान गार पडतोय, बरोबर आहे ना?" ताई म्हणाली, "बरोबर आहे, बोलू नका, जबडा हलतो." आणि ती त्या परक्या बाईचं डोकं दोन्ही हातांत धरून लगदा घट्ट व्हायची वाट बघत उभी राहिली. तिकडे कुठल्यातरी काउंटरवर ठकी उभी होती. पर्सच्या आतल्या कप्प्यात तिने हात घातला होता. तिच्या मागे माणसं असतील. तिने एकदा दिलं, परत घेतलं, पुसून पुन्हा दिलं. आता ती काय करत असेल? लगद्याला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागलाच. साचा निघाला, सुरेख निघाला, कानाची प्रत्येक वळी त्यात उतरली होती, आणि ताई जिन्यात धावली.

ठकीने फोन उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. दुपारपर्यंत ताईने दोन माणसांची तपासणी केली आणि दोघांचेही कागद नंतर दुसऱ्यांदा तपासले. चहाच्या वेळेला फोन लागला.

"ठके."

"ताई? कामावर नाहीस?"

"आहे. कार्ड चाललं नाही ना?"

पलीकडे कुठेतरी नळ चालू होता, तो बंद झाला. "चुकून झालं ते," ठकी म्हणाली. "दुसरं काही काढायला गेले, ते हाताला आलं."

"दोनदा?"

ठकीने तिकडे दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "मला वाटलं, तू बंद केलंस."

"मी कशाला बंद करीन?"

"मला काय माहीत."

ताईने सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की हे कुणालाही पटण्यासारखं नाही. "वापरलं नाही म्हणून त्यांनी लिमिट कमी केलं. मग वाढावं म्हणून मी थोडं वापरलं, तर उरलंच नाही काही."

"काय घेतलंस?"

"पलंग."

"कुणाला?"

"मला," ताई म्हणाली. "पाठ धरते हल्ली." आणि लगेच, ठकी आणखी काही विचारील म्हणून, "तू कुठे निघाली होतीस?"

"तुझ्याकडेच." पोस्टात निघाले, बाजारात निघाले म्हणावं तसं ती म्हणाली.

"मग मी काढते तिकीट. आत्ता काढते, माझ्या खात्यातून. संध्याकाळचं विमान असेल बघ. तू विमानतळावरच आहेस ना?"

"घरी आहे." आवाज एकदम खाली गेला. "तो आलाय, ताई. आज यायचा नव्हता. मी परत आले आणि पाठोपाठ तोही आला."

"आला तर आला. तू बॅग घे आणि—"

"ठेवते," ठकी म्हणाली आणि तिने ठेवला.

ताई दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघाली. न कळवता. आख्खा दिवस आणि वर एक रात्र प्रवास. खिडकीबाहेर एकसारखी गोदामं, मोकळी मैदानं, पुन्हा गोदामं. ठकीचं घर तिने बघितलेलंच नव्हतं. दार पंपवाल्याने उघडलं. केस पिकले होते, कपडे तसेच स्वच्छ. त्याने बॅग हातातून घेतली, प्रवास कसा झाला विचारलं, गाडीत बसायला जागा नीट होती का विचारलं. ठकी स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, "अगं, कळवायचं नाही का?" ती वाळली होती असं नव्हे, पण तिच्या हालचालींतला आवाज गेला होता. तिने खुर्ची सरकवली तरी वाजली नाही. चहा झाला. पंपवाला चांगला बोलत होता, पाण्याचा दाब, नव्या इमारती, ताईच्या यंत्रांच्या किमती. "ताई, साखर किती?" त्याने विचारलं, आणि ठकीने घातली. जेवताना मीठ हवं झालं तर तो स्वतः उठून घेऊन आला. ताईने त्याच्याकडून अशा माणुसकीची अपेक्षा केली नव्हती. आपण उगाच इतकी वर्षं मनात धरलं की काय, असं तिला वाटायला लागलं होतं, आणि मग हात धुताना, नळ सोडल्यावर, तिला एकदम ऐकू आलं. आल्यापासून तो ठकीशी एक अक्षर बोलला नव्हता. जे बोलायचं ते ताईशी, नाहीतर भिंतीशी. ठकी दोघांच्या मधून ये-जा करत होती, आणि तो तिच्या आरपार बघत होता.

राहा असं कुणी म्हटलं नाही, आणि संध्याकाळच्या गाडीला सोडायला ठकी आली. स्टँडच्या बाकावर बसल्यावर ताईने विचारलं, "किती दिवस झाले?"

"या वेळी उन्हाळ्यापासून."

"मारतो का?"

"नाही. हात कधीच उचलला नाही. घरखर्चाचे पैसे टेबलावर ठेवतो. काही चुकलं माझं की बंद होतो. मग आपणच कधीतरी सुरू होतो."

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? नवरा बोलत नाही म्हणून?" ठकी पायांकडे बघत होती. "तूही बोलायची नाहीस, ताई. दप्तर हरवलं तेव्हा आठवडाभर. गणितात कमी मिळाले तेव्हा. लग्नाच्या वेळी तर महिनाभर. मला वाटायचं घर म्हणजे असंच असतं. आपलं चुकलं की समोरचं माणूस बंद पडतं आणि आपण वाट बघायची." तिने हे रागाने म्हटलं नाही. तिच्या आवाजात तक्रार असती तर ताईला काहीतरी धरायला मिळालं असतं. "मला ते चांगलं जमतं. म्हणून तर इतके दिवस निभलं."

ताईच्या डोळ्यांपुढे ते स्वयंपाकघर आलं, दुसरीतली ठकी ताटासमोर बसलेली, आणि आपण पाठमोऱ्या. तेव्हा आपल्याला राग आलेला नसे. एवढ्याशा पोरीला काय बोलायचं ते सुचत नसे, रडू येईल अशी भीती वाटे, म्हणून तोंड मिटून घ्यायचो. हे तिला आता कसं सांगायचं, आणि सांगून तिचे ते आठवडे कुठे परत देणार होतो.

"चल," ती म्हणाली. "आत्ताच चल. जशी आहेस तशी. या गाडीत जागा आहे."

ठकीने नाही अशी मान हलवली. "त्या दिवशी निघाले होते गं मी. काउंटरवरची बाई म्हणाली, दुसरं कार्ड आहे का? मी बाजूला झाले. बाजूला झाले आणि मग पुढे काय करायचं ते कळेना. फोन हातात होता. पण तू बंद केलंयस असं डोक्यात होतं. म्हटलं, ताईही बंद झाली." ती किंचित हसली. "माझी चूक. विचारायला हवं होतं."

"तो पलंग तुझ्यासाठी घेतलाय," ताई म्हणाली.

"कळलं होतं मला. तुझी पाठ कधी दुखली नाही."

गाडी लागली. माणसं चढली. ताई उठली नाही, आणि ठकीनेही तिला उठ म्हटलं नाही. गाडी भरून निघून गेली. दोघी तशाच बसल्या होत्या, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ. मग ठकीने घड्याळ बघितलं. "मला जायला हवं. मी बाहेर असले की तो दिवे न लावता बसून राहतो."

"राहू दे की बसून."

"हो," ठकी म्हणाली, आणि उठली. "पुढच्या वेळी कळवून ये. मी विचार करते, ताई. खरंच करते." तिने ताईच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती निघाली. रस्त्याच्या कडेला पोचली तेव्हा ताईने हाक मारली. ठकी वळली, थांबली, गाड्यांच्या गोंगाटात नीट ऐकू यावं म्हणून एक पाऊल परत आली. इतकं सगळं बोलायचं होतं आणि ताईच्या जिभेवर काहीच तयार नव्हतं. "सावकाश जा," ती म्हणाली. ठकीने मान डोलावली आणि ती रस्ता ओलांडून गेली.

पुढच्या गाडीला वेळ होता. ताई बाकावर बसून राहिली. आता शब्द येत होते. मी रागावले नव्हते गं. मला भीती वाटायची. तू झोपलीस की मी तुझ्या पायांपाशी येऊन बसायची. तुझं गणित मलाही यायचं नाही. एकामागून एक, साधे, सरळ, त्या वेळी दोन मिनिटांत बोलून झाले असते असे. बाजूला गाठोडं घेऊन बसलेली बाई जरा सरकली आणि तिच्याकडे वळून म्हणाली, "मला काही म्हणालात का?"

"नाही," ताई म्हणाली. "माझी बहीण होती इथे."